एवढीशी बाई

फोटोतल्या बाईच्या गळ्यात काहीच नव्हतं.

फोटो स्टुडिओतल्या लवूनं फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठा केला होता. दोन फूट बाय तीन फूट छापायचा होता. आधी सगळी जेटी दिसली, मग मासळी भरायच्या निळ्या प्लास्टिक कॅरेटांची रांग, मग रांगेच्या टोकाला पिवळ्या साडीत उभी असलेली बाई. मग लवूनं अजून मोठा केला आणि पडद्यावर फक्त मान, खांदा आणि हनुवटीचा खालचा भाग उरला. लवूचा बाण नेमका गळ्यावर थांबला होता. भागोजी मिस्त्री खुर्चीत पुढे सरकून बघत होता. काळे मणी कुठे गेले? त्याला वाटलं, चष्म्यावर काही आलं असेल. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. गळा मोकळाच होता. "उन्हात उडालं असेल, काका," लवू म्हणाला. "दुपारच्या फोटोत बारीक वस्तू खातो कॅमेरा." पण दुपार नव्हती ती. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले, ऊन आडवं पडलेलं, कॅरेटांच्या पट्ट्या एकेक मोजता येत होत्या. साडीच्या काठाचा धागा दिसत होता. "हात दाखव," भागोजी म्हणाला. लवूनं फोटो खाली सरकवला. एक हात कानाशी, एक कमरेवर. दोन्ही मनगटं मोकळी. कपाळ पदराच्या सावलीत होतं, पण सावलीतही कुंकू कळतं, आणि ते नव्हतं. भागोजीच्या तोंडात लोखंडाची चव आली. पाना दातात धरून इंजिनाखाली झोपलं की यायची तशी. बायकोचा, तुळसाचा फोटो. मी जिवंत असताना, माझ्यासमोर उभी असताना, ही बाई अशी कशी? आधी मनात एवढंच आलं, आणि ते इतकं जुनाट, इतकं आईच्या तोंडचं होतं की त्याचीच त्याला लाज वाटली. तरी तो दचकलेला राहिला.

शुक्रवारी तुळसाचं वर्षश्राद्ध होतं. मुलगा सागर मुंबईहून सांगत होता, बाबा, आईचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घ्या, चेहरा तरी दिसेल. भागोजी ऐकत नव्हता. आधारवरची ती बाई पोलिसांनी धरून आणल्यासारखी बघते. माझ्याकडे एकेचाळीस फोटो आहेत, तो म्हणाला, शेवटच्या वर्षातले, सगळे मी काढलेले. सागर म्हणाला, त्यात आई मुंगीएवढी दिसते. मुंगीएवढीच लावणार भिंतीवर, भागोजी म्हणाला. ज्याला बघायची असेल तो जवळ जाईल. आणि आता तो स्वतः जवळ गेला होता. "दुसरा उघड," तो लवूला म्हणाला. दुसरा उघडला. तिसरा उघडला. फेब्रुवारीतला, मेमधला, गणपतीनंतरचा, दिवाळीच्या आदल्या रविवारचा. प्रत्येकात साडी तीच, जागा तीच, आणि गळा मोकळा. सातव्या-आठव्या फोटोला त्यानं गळ्याकडे बघणं सोडलं, कारण आता त्याला उभं राहणं दिसायला लागलं होतं. डाव्या पायावर भार, उजवा गुडघा जरा मोडलेला, कमरेवरचा हात पालथा. पालथा हात. मासळीच्या हातानं साडी खराब होऊ नये म्हणून कोळणी, मासे विकणाऱ्या बायका असा पालथा हात कमरेवर ठेवतात. तुळसा आयुष्यात कधी मासे विकायला बसली नाही. "काका, पाणी देऊ का?" लवूनं विचारलं. भागोजी उठला. "छापू नको," तो म्हणाला. "ती ती नाय." लवूला काही कळलं नाही. भागोजीलाही अजून नीट कळलं नव्हतं, पण पाय कळल्यासारखे जिना उतरत होते.

राम आळीतून तो रिक्षात बसला आणि रिक्षावाल्यानं कुठे विचारलं तेव्हा त्यानं स्वतःच्या घराऐवजी काशीच्या घराची खूण सांगितली. काशी त्यांच्याच वाडीतली, चार घरं खाली, जेटीच्या अंगाला. नवरा होडीवर होता, वीस वर्षांपूर्वी गेला. तुळसाची आणि तिची अंगणातल्या अंगणात मैत्री. तुळसाएवढीच उंच, तशीच अंगानं रोड. पाठमोरी दिसली तर वाडीतली पोरं फसायची, पण भागोजी पोर नव्हता. अडतीस वर्षं संसार केलेला माणूस होता. रिक्षा उताराला लागली आणि त्याला उगाचच सगळ्या गोष्टी छोट्या दिसायला लागल्या. कौलं, पाण्याची टाकी, दोरीवरचं लुगडं, बोटांच्या चिमटीत धरता येईल एवढी एक शाळेची बस. ही त्याची जुनी सवय होती. त्यानं डोळे मिटून घेतले.

ती सवय लागली ती नातीच्या, सानवीच्या खेळण्यातल्या टेम्पोमुळे. भागोजीनं चाळीस वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. मग हात कापायला लागले. नटाला पाना बसेना. एकदा त्याच्या चुकीनं इंजिन समुद्रात बंद पडलं, कुणाला काही झालं नाही, पण होडीचा तांडेल चहा पाजून गोड शब्दात म्हणाला, मिस्त्री, आता आराम करा. त्यानं आराम केला. सहा महिने पडवीत भिंतीकडे तोंड करून आराम केला. जेवायला हाक मारली की जेवायचा. तुळसा बोलायची, तो हूं म्हणायचा. मग मे महिन्यात नात आली आणि जाताना तिचा प्लास्टिकचा टेम्पो आणि दोन बोटांएवढी माणसं विसरून गेली. एक दिवस अंगणात पाणी सांडलं होतं. त्यानं त्या डबक्याच्या काठाला टेम्पो ठेवला, माणसं ठेवली आणि सहज मोबाइल जमिनीला टेकवून फोटो काढला. फोटोत खाडी दिसली. खाडीकाठी टेम्पो उभा, दोन माणसं माल उतरवतायत. तो खदखदून हसला. घरात तुळसाच्या हातातलं भांडं पडलं, इतक्या दिवसांनी तो आवाज आला म्हणून. मग भाट्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूत, कातळावरच्या गवतात, नारळाच्या करवंटीत, जिकडेतिकडे त्यानं ती माणसं उभी केली. एकदा सुक्या बोंबलाची होडी केली. काशी अंगणातून ओरडायची, "तुळसा, तुझ्या म्हाताऱ्यास बाहुल्या लग्नात आंदण दिल्या नाय काय गो?" आणि तुळसा म्हणायची, "खेळू दे गो. पोर खेळतंय तवर हाक मारू नये."

दिवाळीला सागरनं जुना कॅमेरा दिला, लांबचं जवळ दाखवणारं मोठं भिंग असलेला, आणि उलटा खेळ शिकवला. उंचावरून काढायचं. मग फोटोच्या वरची आणि खालची बाजू पुसट करायची, मधली एक पट्टी तेवढी लख्ख ठेवायची. की झालं. खरी जेटी खेळण्यातली वाटते. खऱ्या होड्या साबणाच्या वडीएवढ्या, खरी माणसं मेणाची. भागोजीला हे फारच आवडलं. चाळीस वर्षं ज्यांच्या खाली झोपून त्यानं काळं तेल अंगावर घेतलं त्या होड्या आता त्याच्या तळहातावर मावत होत्या. तो दर रविवारी स्कूटर घेऊन किल्ल्यावर जायचा, तटाच्या कठड्याला टेकायचा. पण माणसं हलायची. हललं की पुसट होतं, बाहुली वाटत नाही. म्हणून त्यानं तुळसाला सांगितलं, तू खाली येऊन उभी राहा. पिवळी नेस, उठून दिसते. आणि वरून फोन करायचा. डावीकडे हो. अजून. कॅरेटापाशी. आता हलू नको.

पहिले काही रविवार तिला जमलं नाही. हलायची. पदर सावरायची, एकदा कॅरेटावर बसलीच. तो फोनमध्ये ओरडला होता, "बसलीस कशाला? मी इथं तासभर ऊन खातोय." ती म्हणाली होती, "पाय भरले जरा." "दोन मिनिटं उभं राहवत नाय तुला?" ते शब्द आत्ता रिक्षात त्याला मोठ्यानं ऐकू आले. रिक्षावाल्यानं मागे वळून बघितलं म्हणजे बहुतेक तो खरंच मोठ्यानं बोलला होता. त्या रविवारचे सगळे फोटो त्यानं पुसून टाकले. आधीचेही पुसले, वाईट होते म्हणून. त्याच्या पुढच्या रविवारी ती खांबासारखी उभी राहिली. एकदम. त्यानं क्लिक केलं आणि त्याला इतका आनंद झाला की तो फोनमध्ये म्हणाला, "शाबास! आज जमलं बघ तुला!" तिकडून ती हसली. त्या दिवसापासून तो फोटो ठेवायला लागला. एकेचाळीस. शाबास कुणाला म्हणालो मी? आणि दुसरं एक आठवलं. तो डावीकडे हो म्हणाला की खालची बाई लगेच हलत नसे, दोन श्वास थांबून हले. त्याला वाटायचं, रेंजचा घोळ असेल, नाहीतर वय. आणि फोनमध्ये तिचा आवाज उघड्यावरचा नसायचा. वारा नसायचा त्यात. पत्र्याखाली बोलल्यासारखा घुमायचा. हेही त्याला तेव्हा ऐकू आलं होतं. कानांनी ऐकलं होतं. चाळीस वर्षं नुसत्या आवाजावरून इंजिनाचा कुठला व्हॉल्व्ह गळतोय ते सांगणारा माणूस.

काशी पडवीत विळीवर बसून सुरमई कापत होती. त्याला बघून तिनं पाय आवरले. "भावोजी? या. आज कसे वाट चुकलात? च्या ठेवू?" तो पायरीवर उभाच राहिला. काय विचारायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. "तुझ्याकडे तुळसाची पिवळी साडी हाय?" त्यानं विचारलं. काशीचा हात थांबला. विळीच्या पात्यावर माशाचा तुकडा अर्धा कापलेला तसाच राहिला. खोटं बोलेल असं त्याला वाटलं, आणि ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं असंही वाटलं.

"हाय," काशी म्हणाली. "ट्रंकेत हाय. परत द्यायची व्हती, पण कुणाकडे देणार? तुमच्याकडे काय सांगून देणार?"

"किती वेळा नेसलीस?"

"तुमी जेवढे फोटो काढलात तेवढ्या वेळा."

"आणि ती?"

"ती लिलावाच्या शेडमध्ये, पत्र्याखाली. बर्फाच्या पेटीवर. फोन तिच्याकडे. तुमी बोलायचात ते ती मला सांगायची. डावीकडे गो काशी. आता हलू नको गो काशी." काशीनं हात पदराला पुसले. "मी आपला बंद फोन कानाला लावून उभी."

भागोजी पायरीवर बसला.  समोर केळीखाली एक कोंबडी माती उकरत होती आणि तो तिच्याकडे बघत राहिला, कारण काशीकडे बघता येत नव्हतं. "का?" तो म्हणाला.

"तिला उभं राहवत नव्हतं, भावोजी. कॅरेटावर बसलीन त्या दिवशी घरी येऊन उंबऱ्यात आडवी झाली. मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेली. हृदयाची झडप आवळलीय म्हणाले. मुंबईस न्या, ऑपरेशन करा म्हणाले."

"कधी?"

"दोन वर्षं होतील आता माघात."

दोन वर्षं. वर्षभर तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, अचानक गेली हो. सकाळी चहा केलान आणि अचानक गेली.  बाहेर सगळं जसंच्या तसं होतं. कोंबडी उकरत होती. कुठेतरी रेडिओ चालू होता. त्याच्या आत मात्र इंजिन एकदम बंद पडल्यावर होडीत जी शांतता होते, जिच्यात पाण्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो, तशी शांतता झाली होती. "मला का नाय सांगितलंन?" त्याचा आवाज चढला. "तू का नाय सांगितलंस? चार घरं खाली राहतेस! रोज अंगणातून ओरडतेस माझ्यावर, आणि एवढं बोलवलं नाय तुला?"

"तिनं शपथ घातलीन." काशीही चढ्या आवाजात म्हणाली. "आणि मला काय विचारताव? तुमच्या घरात झोपायची ती. दोन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपायची. जिना चढताना मध्ये थांबून तुळशीला नमस्कार करायची. जिन्यात कुठली आली तुळस? तुमास दिसलं नाय, तर मी काय दवंडी पिटू?"

 दोन उशा त्यानं पाहिल्या होत्या. त्यानंच एकदा म्हटलं होतं, महाराणी झालीस काय. ती हसली होती. त्यानं ते हसणंसुद्धा पाहिलं होतं, पण जेटीवर बघायचा तसं. छान दिसतंय, हलत नाहीये, ठीक आहे.

काशीचा राग उतरला. ती विळीवरून उठली, त्याच्यापासून हातभर अंतरावर पायरीवर बसली. तिच्या हाताला मासळीचा वास होता आणि त्याला कळलं की रविवारी रात्री दोरीवरच्या पिवळ्या साडीला हाच वास यायचा. जेटीवरचा, तुळसा म्हणायची. "ती म्हणायची," काशी म्हणाली, "आता कुठं तो भिंतीकडनं वळलाय. माझं दुखणं कळलं तर कॅमेरा ठेवून देईल आणि परत भिंतीकडे तोंड करील. होळीनंतर सांगते म्हणायची. मग गणपती झाले की. मग गणपती झाले की. मी तिला शिव्या घातल्या, देवाशप्पथ. मी बोलले, मी विधवा बाई, तुझी सवाष्णीची साडी नेसून भर जेटीवर उभी राहते, लोक काय बोलतील? एक मेला बोललाच, काशी, नवीन घरोबा केलास काय. तरी उभी राहिले. साडी दिलीन तिनं, परकर दिलान. बांगड्या मात्र मी मागितल्या नाय आणि तिनंही काढल्या नाय. एवढ्या लांबनं काय दिसणार, बोलली."

"दिसलं नाय," भागोजी म्हणाला. "आज दिसलं."

काशीनं पायाशी आलेल्या कोंबडीला हाकललं. मग म्हणाली, "तुमी आता हलू नको बोललात ना, की ती पण हलायची नाय. तिकडे पत्र्याखाली. तिचा फोटो कोण काढतंय? तरी फोन कानाला लावून ताठ बसायची, श्वास धरून. मी बघायचे ना. मी ओरडायचे, अगो तू सोड श्वास, तुला कुठं काढतायत! तर हातानं गप म्हणायची."

भागोजीनं दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले.  एकेचाळीस वेळा. त्याला त्या फोटोंमधली शेड आठवत होती. वरच्या बाजूला, पुसट केलेल्या भागात, एक राखी चौकोन. तो त्यानं स्वतः बोट फिरवून पुसट केला होता. कधी कमी पुसट झाला तर परत फिरवून अजून. पुसट केलं नसतं तरी काय, पत्राच दिसला असता. पण बोट फिरवलं ते फिरवलं. मुंबईस नेली असती. सागरकडे राहिली असती. ऑपरेशन झालं असतं, नसतंही. हे विचार येत होते आणि एकही पुढे सरकत नव्हता. तो एकदम म्हणाला, "शुक्रवारी तू ये. सवाष्ण म्हणून भावाची सून मनिषा बसणार होती पाटावर. ती नको. तू बस. तीच साडी नेस."

काशी ताडकन उठली. "येडे झालात काय? मी? सवाष्णीच्या पाटावर? तुमची भावकी मला उभी जाळेल."

"मी सांगतो भावकीला. तू फक्त येऊन बस. पूर्वेकडे तोंड करून, मी..."

तो थांबला. येऊन बस. पूर्वेकडे तोंड करून. हा तोच आवाज होता. डावीकडे हो. कॅरेटापाशी. त्याचं त्याला इतकं विचित्र वाटलं की त्यानं तोंडावर हात ठेवला. ती दोन बोटांएवढी माणसं कुठेही ठेवली तरी उभी राहायची. पडली तर तो परत उभी करायचा. बाईला कुठे उभं राहायचं ते विचारावं लागतं, हे त्याच्या डोक्यात चौसष्टाव्या वर्षी, पायरीवर, एका अर्ध्या सुरमईसमोर येत होतं.

"नको," तो म्हणाला. "राहू दे. तुला वाटलं तर ये. मागच्या दारी आलीस तरी चालेल. नाय आलीस तरी चालेल."

"जेवायला येईन," काशी म्हणाली. "ती मला जेवल्याशिवाय सोडायची नाय." ती परत विळीवर बसली आणि अर्धा राहिलेला तुकडा तिनं एका झटक्यात कापला. "फोटो कुठला लावणार मग?"

"फोटो नाय माझ्याकडे."

"असं कसं नाय?"

"नाय. मी काढलाच नाय तिचा."   काशी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डाव्या भुवईत एक जुना वण होता, केस नसलेली बारीक रेघ. तीस वर्षं शेजार आणि एकेचाळीस फोटो, आणि हा वण त्यानं आजच पाहिला. "हे काय लागलंय तुला?" त्यानं विचारलं.

"हे? नवऱ्यानं वल्हं मारलान. तुळसानं हळद भरली व्हती." काशी सहज म्हणाली आणि तुकडे भांड्यात टाकायला लागली. मग विळीवरूनच, त्याच्याकडे न बघता, तिनं विचारलं, "तिला कुठं व्हता वण, सांगा बघू."

 आता हेही माहीत नसलं तर? तो डोळे मिटून थांबला. आधी पिवळं दिसलं, मग जेटी, मग पुसट राखी पत्रा, आणि त्यानं ते सगळं तसंच जाऊ दिलं. मग काळोखात, बोटांच्या टोकांवर, काहीतरी खरखरीत लागलं.

"पाठीवर," तो म्हणाला. "उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली. लहानपणी चुलीतलं लाकूड लागलेलं. रुपयाएवढा. पावसाळ्यात खाजायचा तिला. हात पुरायचा नाय, मला सांगायची. मी... मी पान्याच्या मागच्या बाजूनं खाजवायचो. माझी नखं काळी असायची म्हणून. ती म्हणायची, हळू, मी काय इंजिन हाय?" तो बोलत होता आणि आपलाच आवाज ऐकून दचकत होता. "जरा खाली, म्हणायची. नाय, एवढं खाली नाय. वर. हां, तिथं."

काशीनं विळी आडवी केली आणि ती ऐकत बसली.